स्टेशनापर्यंतचे दहा रुपये

मुंबईत लोकल स्वस्त आहे असे आपण सहज म्हणतो आणि ते खरेही आहे. दुसऱ्या वर्गाचे दहा किलोमीटरपर्यंतचे तिकीट आजही पाच रुपयांना मिळते. पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते काम या दोन टोकांचा खर्च त्यात येत नाही, हे मला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी शिकवले.

मावशी गोवंडीच्या शिवाजीनगरात राहतात आणि सायनला आमच्या इमारतीत तीन घरची धुणीभांडी करतात. दोन्ही टोकांना बेस्टची बस धरली, तर जाऊन-येऊन चार तिकिटे होतात. ९ मे २०२५ रोजी बेस्टने साध्या बसचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये केले, तेव्हा महिन्याच्या सव्वीस दिवसांचे ५२० रुपये एकदम १,०४० झाले, म्हणजे वाढ जवळपास एका घरच्या भांड्यांच्या पगाराएवढी. त्या दिवसापासून मावशी सकाळी गोवंडी स्टेशनापर्यंत चालत येतात. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून परतताना तेवढी बस घेतात. सायनच्या बाजूची बस तर त्यांनी सोडूनच दिली.

लोकलचा पास त्या दर महिन्याला काढतात. तीन महिन्यांचा पास सुमारे पावणेतीन महिन्यांच्या पैशांत मिळतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे, पण तेवढी रक्कम एकदम हातात कधी नसते. ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच प्रवास महाग पडतो. (मी स्वतः वर्षाचा पास काढतो आणि त्यात किती वाचले ते आजवर मोजलेले नाही.) माटुंग्याला जास्त पगाराचे चौथे घर मिळत होते, तेही त्यांनी नाकारले, कारण एक बस वाढत होती आणि चालत जायचे तर वेळ पुरत नव्हता.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि त्या सवलतीमुळे मावशी आता वर्षातून दोनदा सोलापूरकडच्या माहेरी जाऊन येतात, याचा मला आनंदच वाटतो. मात्र ही सवलत बेस्टला लागू नाही. माहेरच्या वाटेवर अर्धे भाडे आणि कामाच्या वाटेवर पूर्ण, असा हा उलटा हिशेब आहे. पावसाळ्यात स्टेशनच्या वाटेवर पाणी तुंबले की नाइलाजाने शेअर रिक्षा करावी लागते, आणि त्यासाठी मावशी डब्याच्या पिशवीत वीस रुपये वेगळे बांधून ठेवतात.