आमची वाटचाल : ग्रिलच्या गाळ्यापासून गिरणीतल्या रंगमंचापर्यंत

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची पाळी कायमची थांबली. अडीच लाख कामगारांच्या घरांत जे झालं, तेच आमच्याकडेही झालं. पण बाबांच्या हातात कसब होतं. त्यांनी छोटा गाळा भाड्याने घेतला, जुनं वेल्डिंग मशीन आणलं आणि ग्रिल, शटर, टाकीचे स्टँड बनवायला लागले. आमची फर्म ती हीच.

गाळा माझ्याकडे आला तेव्हाही आम्ही ग्रिलच करत होतो. मग एका नाटकमंडळीने बंद गिरणीचं गोदाम तालमींसाठी घेतलं. लाइटचे पाइप टांगायचे होते. आमच्या वेल्डरने खांबालाच ब्रॅकेट वेल्ड केला. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या कडेने केसाएवढी चीर! बाबा आले, बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा बिडाचा खांब. ठिणगी बघितलीस का?" बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, ग्राइंडर लावला की ठिणगी तांबूस आणि आखूड पडते, पोलादाची लांब, पांढरट उडते. बीड वरचा भार छान पेलतं, पण एकाच जागी असं तापवलं की तडकतं. चूक आमची होती. छताला टेकू दिले, खांबाभोवती अर्धगोल पट्टे बोल्टने आवळले, खर्च आम्हीच सोसला. तेव्हापासून जुन्या खांबाला आम्ही वेल्डिंग करत नाही आणि भोकही पाडत नाही. जे टांगायचं ते पट्ट्यावर.

त्या कामानंतर बंद गिरण्यांच्या जुन्या शेड कलेसाठी नीट करायची अशीच कामं येत गेली आणि आम्ही शिकत गेलो. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत विटेचा पापुद्रा सुटायला लागतो. साचेखात्याचं, म्हणजे कापड विणायच्या खात्याचं, छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं, काचा उत्तरेकडे. कापडातला दोष दिसावा म्हणून बिनउन्हाचा सारखा उजेड लागायचा. आज तोच उजेड चित्रकारांना हवा असतो. त्या काचांवर पत्रा ठोका असं कुणी सांगितलं, तर मी शेवटपर्यंत वाद घालतो.

गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीपैकी एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, असा १९९१ चा नियम होता. २००१ च्या बदलाने ती वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले. गिरणगावाला कला बाहेरून आणून द्यावी लागत नव्हती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांचं लाल बावटा कलापथक इथल्याच कामगारांपुढे उभं राहायचं, चाळीचाळीत भजनी मंडळं होती. त्या माणसांना त्याच आवारात वॉचमन अडवतो, हे मला सहन होत नाही.

२०१७ मध्ये ससून डॉकच्या जुन्या गोदामांत कलाप्रदर्शन भरलं होतं, ते बघायला गेलो. गोदी १८७५ ची. भिंतींवर तिथल्याच कोळी माणसांचे मोठमोठे फोटो, आणि बाहेर मासळीचा धंदा नेहमीसारखा चालू. मला जे हवं होतं ते तिथे डोळ्यांनी दिसलं. तेव्हापासून कोटेशन देण्याआधी मी विचारतो, शेजारच्या चाळीला ही जागा आठवड्यातून एक संध्याकाळ द्याल का? काहींनी त्यावरून काम दुसऱ्याला दिलं. ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्याकडे आम्ही मजुरी थोडी कमी लावतो.

त्या पहिल्या गोदामात आता मंगळवारी भजनी मंडळ बसतं. सुरुवातीला टाळांचा आवाज इतका घुमायचा की अभंगाचा शब्द कळेना. आवाज शोषणारं रॉकवूल भरलेल्या लाकडी चौकटी मागच्या भिंतीला लावल्या, तरी बुवांची मान हलेना. दोन मंगळवार चौकटी इकडून तिकडे हलवत बसलो, तेव्हा कुठे पखवाज मोकळा झाला.

आज आम्ही सात जण आहोत. पुढचं काम परळच्या एका शेडचं आहे. चुना भिजत घातलाय, पावसाआधी पश्चिमेची भिंत उरकायची आहे.