एलेनच्या कापसाचा हिशेब

अमेरिकेतील वर्णभेदाचा विषय निघाला की बसमधल्या जागा, शाळांचे प्रवेश आणि मतदानाचा हक्क यांची चर्चा होते. शेतमालाच्या पैशापर्यंत ती क्वचितच पोचते. म्हणूनच आर्कान्सा राज्याच्या फिलिप्स काउंटीतील एलेन या छोट्या गावाविषयी लिहावेसे वाटले.

मिसिसिपी नदीकाठच्या या सुपीक पट्ट्यात कृष्णवर्णीय कुटुंबे वाट्याने कापूस पिकवीत. किराणा, कपडे, अवजारे हे सारे मालकाच्याच दुकानातून उचलीवर मिळे. भाव त्याने ठरवायचा, वही त्याने लिहायची आणि कापूसही त्यानेच विकायचा, अशी व्यवस्था असल्यामुळे हंगाम कितीही चांगला गेला तरी कुळाच्या नावावर बाकी उरेच. १९१९ साली कापसाला चढा भाव होता. रॉबर्ट हिल यांनी उभ्या केलेल्या शेतकरी संघटनेने वकील गाठला आणि प्रत्येक कुळाला तपशीलवार हिशेब मिळावा, अशी मागणी करण्याचे ठरवले. मागणी एवढीच होती, हे मुद्दाम सांगतो. कारण पुढे तिलाच गोऱ्यांच्या कत्तलीचा कट ठरवण्यात आले.

३० सप्टेंबरच्या रात्री हूप स्पर येथील चर्चमध्ये संघटनेची सभा चालू असताना बाहेर गोळीबार झाला आणि एक गोरा माणूस ठार झाला. पहिली गोळी कोणी झाडली, यावर आजही वाद आहे. दुसऱ्या दिवशी आसपासच्या भागांतून, नदीपलीकडूनही, सशस्त्र गोरे जमले. गव्हर्नर चार्ल्स ब्रफ स्वतः पाचशेहून अधिक सैनिक घेऊन आले. पाच गोरे मेले. कृष्णवर्णीय मृतांची मोजणी कोणी केलीच नाही. काही अंदाज दोनशेच्या पुढे जातात.

खटला मात्र फक्त कृष्णवर्णीयांवर चालला. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरींनी काही मिनिटांच्या विचारविनिमयात बारा जणांना देहदंडास पात्र दोषी ठरवले. साक्षी मिळवण्यासाठी कैद्यांना चाबकाने फोडून काढले होते, याची कबुली पुढे मारणाऱ्यांपैकीच दोघांनी शपथेवर दिली. गुलामीत जन्मलेले वकील सिपिओ आफ्रिकेनस जोन्स यांनी हा लढा नेटाने चालवला. १९२३ मध्ये 'मूर विरुद्ध डेम्प्सी' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, जमावाच्या दडपणाखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे, असे मानले आणि १९२५ पर्यंत ते बाराही जण सुटले.

कायद्याचे अभ्यासक या निकालाचे कौतुक करतात, आणि ते रास्तही आहे; पण न्यायालयापुढचा प्रश्न खटल्याच्या रीतीचा होता, कापसाच्या पैशाचा नव्हता. तो धागा पकडला कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी. कैद्यांच्या नातेवाइकांमध्ये मिसळून त्या लिटल रॉकच्या तुरुंगात शिरल्या आणि कोणाचे किती पीक शेतात उभे होते, याची विचारपूस करून ती माहिती त्यांनी पुस्तिकेत छापली. शेतकरी कोठडीत असताना त्यांच्या पिकाचा लाभ कोणाला झाला, हे विचारणारा तो दस्तऐवज मला निकालपत्राइतकाच मोलाचा वाटतो.

२०१९ मध्ये, शंभर वर्षांनी, स्मारक उभे राहिले ते काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या हेलेनात, न्यायालयासमोर. ते एलेनमध्येच हवे होते, असे तिथल्या काही रहिवाशांचे म्हणणे होते. आपल्या पूर्वजांच्या जमिनी त्या काळात बळकावल्या गेल्या, असेही तिथले वंशज सांगतात आणि भरपाई मागतात. स्मारकाच्या जागेच्या वादापेक्षा ही मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण १९१९ ची मूळ मागणीही पैशाचीच होती.