आमची वाटचाल : बाविसाव्या नंबरचा गळ

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी आमचा लहानसा व्यवसाय आहे. ट्राउट माशासाठी पाण्यावर तरंगणाऱ्या कृत्रिम माश्या (इंग्रजीत फ्लाय), म्हणजे गळावर बांधलेली कीटकासारखी आमिषे, आम्ही हाताने बांधतो. त्यातही मेफ्लाय या कीटकाच्या लहान प्रतिकृती, म्हणजे अठरा ते सव्वीस नंबरच्या गळांवरच्या, एवढेच काम आम्ही घेतो. या मापात आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो आणि बाविसाव्या नंबरचा गळ तांदळाच्या दाण्याहूनही आखूड असतो. मोठ्या माश्या का बांधत नाही, असे नवे ग्राहक नेहमी विचारतात. त्या केनिया, श्रीलंका आणि थायलंडमधील कारखान्यांतून येतात, तिथल्या कारागिरांच्या हाताला उत्तम सफाई आहे आणि त्या किमतीत आम्हाला काम परवडणार नाही. मात्र आमच्या ओढ्यावर जुलैच्या सकाळी नेमका कोणत्या रंगाचा आणि किती बारीक कीटक पाण्यावर पडतो, हे इथे राहणाऱ्यालाच कळते, आणि आमचा सगळा व्यवसाय त्या माहितीवर उभा आहे.

माझे शिक्षण इचलकरंजीत वस्त्रोद्योगाचे झाले. पतीच्या नोकरीमुळे इथे आल्यावर एच-4 या, नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर मला काम करण्याची परवानगी नव्हती. त्या काळात मी गावातल्या फ्लाय बांधण्याच्या वर्गाला जाऊ लागले. या गावाला त्याची मोठी परंपरा आहे. पेन स्टेट विद्यापीठात जॉर्ज हार्वी यांनी आणि त्यांच्यानंतर ज्यो हम्फ्रीज यांनी फ्लाय फिशिंग हा विषय विद्यार्थ्यांना शिकवला. सुरुवातीपासून मला या कामात परके वाटले नाही, कारण समोर होता तो धागाच, आणि डेनिअर (धाग्याच्या जाडीबारकाईचे माप), पीळ, ताण हे शब्द मी कॉलेजात शिकलेले होते. गळावर गुंडाळताना धाग्याचा पीळ वाढत जातो आणि तो दोरीसारखा गोल होतो. बॉबिन (धाग्याची रीळ धरणारे हत्यार) उलट दिशेने फिरवून पीळ काढला की तोच धागा फितीसारखा चपटा बसतो आणि अंगाची जाडी निम्म्यावर येते. 2015 च्या मे महिन्यात काही एच-4 धारकांना काम करण्याची मुभा देणारा नियम लागू झाला, मला परवाना मिळाला आणि आम्ही व्यवसायाची नोंदणी केली.

आमची खरी परीक्षा घेणारे पाणी म्हणजे स्प्रिंग क्रीक. चुनखडीच्या झऱ्यांतून येत असल्याने हा ओढा उन्हाळ्यातही थंड राहतो. कारखान्यातून आलेल्या मायरेक्स आणि कीपोन या रसायनांमुळे इथले मासे खाण्यायोग्य राहिले नाहीत आणि 1982 पासून पकडलेला प्रत्येक ट्राउट परत सोडण्याचा नियम झाला. त्यामुळे इथले मासे पुन्हा पुन्हा माश्या पाहून तरबेज झाले आहेत. जाड अंगाची माशी ते जवळ येऊन न्याहाळतात आणि खाली निघून जातात.

ट्रायको या मेफ्लायच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. साधारण जुलैच्या मध्यापासून थंडी पडेपर्यंत रोज पहाटे हा खेळ चालतो. नर रात्रीच पाण्यातून बाहेर पडतात, माद्या उजाडताना. काठावर ते आणखी एकदा कात टाकतात (पंख फुटल्यावरही कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण आहे), मग हवेत थव्याने त्यांचे मीलन होते आणि हवा वीस अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की ते पंख पसरून पाण्यावर कोसळतात. नर काळसर, मादीचे पोट फिकट हिरवट आणि छाती काळी. आम्ही चोविसाव्या नंबरच्या गळावर शेपटीचे तीन तंतू फाकवून बांधतो, पोटासाठी फक्त धागा वापरतो, पांढऱ्या पॉली यार्नचे मोजके तंतू इंग्रजी आठच्या वेढ्याने आडवे बसवतो आणि छातीपुरते चिमूटभराहूनही कमी डबिंग, म्हणजे लोकरीसारखे सुटे तंतू, धाग्याला लावतो. एखादा वेढा जास्त झाला की ती माशी ट्रायको राहत नाही, आणि म्हणून आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी वेढे मोजायला लावते.

उभ्या पंखांच्या माश्यांना तरंगत ठेवण्यासाठी कोंबड्याचे पीस गळाभोवती गुंडाळतात, त्याला हॅकल म्हणतात. इथले जुने कारागीर मला आवर्जून सांगतात की त्यांच्या तरुणपणी कोंबड्याच्या मानेची पिसे भारतातून आणि चीनमधून येत, पण इतक्या लहान गळांना शोभेल असे पीस त्यांत क्वचितच सापडे. पुढे पेनसिल्व्हेनियात मेट्झ यांनी आणि नंतर कोलोराडोत व्हायटिंग फार्म्सने खास पिसांसाठी कोंबड्यांची पैदास केली, तेव्हा बारीक माश्या मोठ्या संख्येने बांधणे शक्य झाले. 2011 साली तरुणींमध्ये केसांत हीच लांब पिसे गुंफण्याची फॅशन आली, सलूनवाल्यांनी दुकाने रिकामी केली आणि पिसांचे भाव आम्हा शिकाऊ लोकांच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हापासून मी हॅकलविना तरंगणाऱ्या बांधणीकडे वळले : हरणाच्या केसांचा पंखा असलेली कॉम्पॅराडन, आणि बदकाच्या तैलग्रंथीजवळची मऊ पिसे वापरून केलेली ऑलिव्ह या मेफ्लायची प्रतिकृती. आज आमची निम्मी विक्री याच दोन प्रकारांची आहे. मी भारतातली म्हणून काही ग्राहक सामन माशाच्या फ्लायसाठी सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची ठिपकेदार पिसे मिळतील का, असे विचारतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्या पक्ष्याला संरक्षण दिले आहे. ती पिसे आम्ही ठेवत नाही आणि कधी ठेवणारही नाही.

हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. फ्लाय बांधून विकणारा माणूस, मग तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर का बांधेना, इथल्या कायद्याने उत्पादक ठरतो आणि विक्रीवर दहा टक्के केंद्रीय अबकारी कर त्याला फॉर्म 720 भरून द्यावा लागतो. 1950 च्या कायद्यानुसार हा पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे जातो, त्यामुळे तो भरताना मला समाधानच वाटते. किंमत ठरवताना मात्र तो धरलेला असायला हवा.

आता गावातल्या दोन मराठी मैत्रिणीही घरून आमच्यासाठी बांधतात. त्यांचे काम तपासताना मी भिंगाखाली प्रथम गळाचे नेढे पाहते. पहाटेच्या अंधुक उजेडात साठीच्या पुढचा माणूस जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीची दोरी त्यात ओवणार असतो. डोक्याच्या गाठीचा एखादा तंतू किंवा गाठ पक्की करणाऱ्या सिमेंटचा (लाखेसारख्या द्रव्याचा) थेंब नेढ्यात राहिला असेल, तर बाकी माशी कितीही देखणी असली तरी आम्ही ती विकत नाही. मेमधल्या सल्फर या पिवळसर मेफ्लायच्या मागण्या मार्चअखेर पूर्ण होतात. त्यानंतर आम्ही ट्रायकोला बसतो आणि या वर्षापासून नर व मादी वेगवेगळ्या डब्यांत देतो, कारण मासे कधी एकच निवडून खातात आणि त्या घाईत ग्राहकाला डबा चाळत बसायला वेळ नसतो.