पुढच्याची सोय

जर्मनीतल्या सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत उभं राहिलं की सरकत्या पट्ट्यावर आपलं सामान मांडायचं असतं. शेवटची वस्तू ठेवली की कडेच्या खोबणीतला प्लास्टिकचा एक दांडा उचलायचा आणि आपल्या सामानाच्या मागे आडवा ठेवायचा. त्या दांड्याचा आपल्याला काडीचा उपयोग नसतो. मागच्याला त्याचं सामान मांडायला सुरुवात करता येते, एवढंच. तशी पाटी कुठे नाही, कुणी शिकवतही नाही. पण विसरलात तर मागून एक हात पुढे येतो, दांडा स्वतःच ठेवतो, आणि न बोलता बरंच काही बोलून जातो.

घरून फोनवर ठरलेला प्रश्न असतो, "तिकडची माणसं कशी गं?" थंड, असं उत्तर पटकन येतं आणि ते अर्धं खरं आहे. एकाच जिन्यात वीस वर्षं राहिलेले शेजारी एकमेकांना आडनावानेच हाक मारतात. तुम्हाला ताप आला म्हणून कुणी खिमट घेऊन दार वाजवणार नाही. पण ज्याचं तोंड आपल्याला कधी दिसणार नाही, अशा नंतर येणाऱ्या माणसाची सोय करण्यात मात्र ही मंडळी पटाईत. ओळखीच्या माणसासाठी जीव टाकायची सवय घेऊन आलेल्या मला हे उमगायला बराच वेळ लागला.

बाटल्यांचंच घ्या. संध्याकाळी बागेतून किंवा स्टेशनवरून चालताना कचरापेटीच्या पायाशी रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या दिसतात. नवख्याला वाटतं, पेटी समोर असताना एवढा आळस! पण तो आळस नाही. इथे बाटलीमागे अनामत भरावी लागते, तिला फांट म्हणतात. एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली किंवा कॅन असेल तर २५ सेंट, पुन्हा भरली जाणारी बिअरची काचेची बाटली असेल तर साधारण ८, पाण्याची असेल तर १५. एकदाच वापरायच्या बाटल्यांवरची ही सक्ती २००३ पासूनची. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये सरकवली की पैशांची चिठ्ठी मिळते. ज्याला तेवढ्यासाठी बाटली घरी न्यायची नसते तो ती पेटीत न टाकता पेटीशेजारी ठेवतो. बाटल्या गोळा करून चार पैसे जोडणारं कुणी येतं आणि घेऊन जातं. पेटीत हात घालायला नको, फुटक्या काचेने बोट कापायला नको.

कोलोनमधल्या पाउल केट्स नावाच्या डिझायनरने २०१२ मध्ये यासाठी कचरापेटीभोवती बसवायचं एक कडंच तयार केलं, बाटल्या नीट उभ्या राहाव्यात म्हणून. काही शहरांनी ते बसवलं, काहींना पटलं नाही. लोक त्यात कॉफीचे कप कोंबतात, ही मुख्य तक्रार.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं, पण मला त्याचं फार कौतुक करवत नाही. बाटल्या वेचणाऱ्यांत म्हातारी माणसं असतात. स्वच्छ इस्त्रीचा कोट घातलेली, हातात घडीची पिशवी आणि पेटीत डोकावायला छोटी बॅटरी. एवढ्या श्रीमंत देशात पेन्शनला बाटल्यांची जोड द्यावी लागते, हे बाटली शेजारी ठेवल्याने बदलत नाही. इथली माणसंही हे बोलतात. बोलतात आणि तरी बाटली बाहेरच ठेवतात. मीही तेच करते.

आता झाडूबद्दल. मी राहते स्टुटगार्टजवळ, म्हणजे श्वाबन प्रांतात, आणि इथल्या माणसांच्या टापटिपीवर उरलेली सगळी जर्मनी हसते. आमच्या जिन्यात एक लाकडी पाटी फिरत असते. ती ज्याच्या दारावर लटकेल, त्याची त्या आठवड्याची केरवोखे, म्हणजे झाडलोटीची पाळी. छोटी केरवोखे म्हणजे आपल्या मजल्यापुढचा जिना झाडून पुसून काढायचा. मोठी म्हणजे तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्या, मुख्य दार, समोरचा फुटपाथ, आणि थंडीत त्यावरचा बर्फ. बर्फाचं प्रकरण गंभीर असतं, सकाळी सातपर्यंत फुटपाथ मोकळा लागतो. कुणी घसरून हाड मोडून घेतलं तर भरपाई अंगाशी येऊ शकते. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर.

ही प्रथा जुनी आहे. प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला शहराबाहेर न्यावी, असा हुकूम स्टुटगार्टच्या १४९२ च्या शहर-नियमांत सापडतो. कोलंबस अमेरिकेकडे निघाला ते वर्ष! शहराने ही सक्ती काढली ती थेट १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना. हो, दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात लढलेल्या त्या जर्मन सेनापती रोमेलचा मुलगा. शहराची सक्ती गेली तरी भाडेकरारांत ती टिकून राहिली, आणि त्याहून पक्की राहिली ती शेजारच्यांच्या नजरेत. इथला एक घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे की जिना झाडताना झाडू पायऱ्यांवर आपटला पाहिजे. नुसतं झाडून भागत नाही, झाडल्याचं वरपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

म्हणजे हा चांगुलपणा म्हणायचा की पाळत? दोन्ही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी मला सुरुवातीला प्रत्येक पायरीचा कोपरा बोटाने दाखवायच्या. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि मी त्यांच्या पाळीचा जिनाही झाडायला घेतला, तेव्हा त्यांनी आभार मानले नाहीत, पाटी फिरवायची पद्धत तेवढी बदलली. त्यांच्या आठवड्यात ती आता सरळ माझ्या दारावर येते, आणि सोबत दाराच्या मुठीला सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली अडकवलेली असते. बाटली रिकामी झाली की धुऊन परत द्यायची. त्यात आपण काही घालून द्यायचं नाही, हेही मला सांगण्यात आलं. रिकाम्या भांड्याने परत जायचं म्हणजे आपल्या हातून होत नाही हो! मी चिवडा घातला. त्यावर आजवर एक शब्द आलेला नाही, बाटल्या मात्र येत राहिल्या आहेत.

फुटपाथवर ठेवलेली 'फुकट, घेऊन जा' अशी चिठ्ठी लावलेली खोकी हा दुसरा प्रकार. त्यात बशा, मुलांचे स्केट्स, हजार तुकड्यांचं कोडं (९९८ असणार, खात्री बाळगा). विद्यार्थ्यांची अर्धी घरं या खोक्यांवर उभी राहतात. माझं मत विचाराल तर यातली निम्मी खोकी म्हणजे कचरा उचलायचा कंटाळा. एक पाऊस पडला की पुस्तकांचा लगदा, गादीला वास, आणि खोक्याचा मालक गायब. नगरपालिकाही याकडे रस्त्यावर टाकलेला कचरा म्हणून बघू शकते आणि दंड करू शकते. द्यायचंच असेल तर संध्याकाळी खोकं परत आत घ्यायची तयारी हवी.

त्यापेक्षा रस्त्यावरची पुस्तकांची कपाटं मला आवडतात. कुलूप नाही, नोंदवही नाही, वर्गणी नाही. हवं ते न्या, जमेल ते ठेवा. क्लेग आणि गुटमन या कलावंत जोडीने १९९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्समध्ये आणि १९९३ मध्ये हाम्बुर्गमध्ये असं उघडं ग्रंथालय मांडून पाहिलं. आज जर्मनीत गावोगावी अशी कपाटं आहेत, कुठे तर जुन्या टेलिफोन बूथमध्येच फळ्या मारल्यात. आमच्या चौकातल्या कपाटात मी एकदा मराठी दिवाळी अंक ठेवून पाहिला. आठवड्याभरात तो गेला. कोणी नेला हे कोडं अजून सुटलेलं नाही. वाचत असाल तर कळवा, दुसराही आहे.

हिवाळ्यात पोरांचे हातमोजे पडतात. ज्याला सापडतो तो उचलून जवळच्या कुंपणाच्या टोकावर खोचून ठेवतो, येता-जाता दिसेल अशा उंचीवर. ट्रामच्या दारात बाबागाडी आली की कुणीतरी पुढची चाकं धरतं, आत ठेवतं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतं. ओळख वाढवायचा प्रश्नच नाही.

पण मला खरोखर थक्क केलं ते महामार्गाने. आउटोबानवर गाड्या तुंबल्या, वेग पायी चालण्याइतका उतरला, की अगदी डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकतात आणि बाकीच्या सगळ्या उजवीकडे. मधोमध एक वाट तयार होते, अँब्युलन्ससाठी. ती दिसल्यावर नाही, तिचा आवाज यायच्याही आधी. पुढे अपघात झालाय की नुसता खोळंबा आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. मुलांना हे उजव्या हातावर शिकवतात. पंजा पालथा धरायचा, अंगठा म्हणजे डावी लेन, बाकीची बोटं म्हणजे उरलेल्या लेन, आणि मधली फट म्हणजे वाट. सगळे काही संत नाहीत. वाट न देणाऱ्याला किमान २०० युरो दंड, चालकाच्या नोंदीत २ दंडगुण आणि महिनाभर गाडी बंद. मोकळ्या वाटेतून स्वतःची गाडी पुढे दामटणारे महाभागही असतात, म्हणून तर दंड वाढवावे लागले. शिवाय अपघातात शक्य असूनही मदत न करणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गाडीचा परवाना हवा तर आधी प्रथमोपचाराचा वर्ग पूर्ण करावा लागतो. दंडाच्या भीतीने केलेला चांगुलपणा खरा का, असा वाद आम्ही मित्रमंडळी जेवताना घालतो. अपघातात सापडलेल्या माणसाला त्या वादाशी काही घेणं नसतं.

डोंगरात मात्र दंड करायला कुणी नसतं. आल्प्समध्ये गिर्यारोहण संघाच्या झोपड्या हिवाळ्यात बंद असतात, पण पुष्कळ ठिकाणी एक खोली वाटसरूंसाठी राखलेली असते. पलंग, घोंगड्या, लाकडाची चूल, थोडी भांडी. राखणदार नाही. राहायचे पैसे आपणच डब्यात टाकायचे, वहीत नाव लिहायचं. निघताना चुलीतली राख काढायची, झाडून घ्यायचं, खिडक्यांची दारं लावायची आणि चुलीशेजारी फोडलेली लाकडं रचून ठेवायची. पुढचा माणूस अंधारात, गारठून येणार आणि त्याची बोटं कुऱ्हाड धरायच्या लायकीची नसणार, हा हिशोब. सह्याद्रीतल्या गडांवर गुहेत मुक्काम करून कोपऱ्यात कुरकुऱ्यांची पाकिटं सोडून येणारे ट्रेकर मला तिथे हमखास आठवतात. आणि कुणासाठी तरी कोरडी लाकडं आडोशाला ठेवणारे आपले गावकरीही आठवतात, तेव्हा तुलना तिथेच सोडते.

सगळ्यात वेगळं काम नोव्हेंबरात असतं. इथल्या फुटपाथांत जागोजागी १० सेंटिमीटर बाजूचे पितळी पत्र्याचे चौकोन बसवलेले दिसतात. नाझींनी ज्यांना घरातून नेलं त्यांची नावं त्यांवर कोरलेली आहेत, बहुधा त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोरच. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९२ मध्ये हे सुरू केलं आणि २०२३ मध्ये असे चौकोन एक लाखावर गेले. पितळ काळं पडतं. मग ९ नोव्हेंबरच्या सुमारास, १९३८ मधल्या ज्यूविरोधी दंगलीच्या स्मरणदिनी, लोक बादली-फडकं घेऊन येतात आणि गुडघ्यावर बसून ते घासतात. मी घरून आणलेली पितांबरी घेऊन गेले. शेजारी शाळेतली मुलं कसल्याशा ट्यूबमधली मलई चोळत बसली होती. माझा चौकोन आधी चमकला. पोरांनी पुडीवरची देवनागरी अक्षरं पाहिली, वास घेतला आणि पूर्ण पुडी मागून घेतली. जन्मसाल, पकडून नेल्याचं साल, छावणीचं नाव, हे सगळं मग त्यांनीच मला वाचून दाखवलं. त्यात एक मुलगी सहा वर्षांची होती.

आपली माणसं यात काय करतात? करतात की! भारतीय विद्यार्थ्यांत प्रेशर कुकर वारसाहक्काने फिरतात. शिकून झालेला जाताना नव्याला कुकर देतो, सोबत मसाल्यांचे डबे, पोळपाट-लाटणं, कधी सायकल. माझ्या घरातला कुकर माझ्या आधी कुणाकुणाचा होता हे मला माहीत नाही, हँडलवर तीन वेगळ्या रंगांच्या नेलपॉलिशची खूण मात्र आहे. बऱ्याच घरांत आता इंडक्शनची शेगडी असते, तेव्हा जुना ॲल्युमिनियमचा असेल तर तो तिथे चालत नाही, आधी चुंबक लावून बघायचा. शिट्टी इथे कुणाकडे तरी मिळते. गॅस्केट मात्र सहज मिळत नाही. पुढच्या सत्राला येणाऱ्यांनी बॅग भरायच्या आधी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर माप विचारून घ्यावं. पाच लिटरची गॅस्केट पडून आहेत, तीन लिटरची सगळ्यांनाच हवी आहेत.