सोल ते सोसोंग-री: दोस्ताच्या फौजेबद्दल कोरियन माणसाला काय वाटतं?

दक्षिण कोरियाला जाणारे आपले बहुतेक लोक सीमेची अर्ध्या दिवसाची सहल करतात, दुर्बिणीतून उत्तर कोरिया बघतात आणि खरेदीला परत येतात. आम्ही दोघं २०२५च्या ऑक्टोबरात गेलो ते वेगळा प्रश्न घेऊन. उत्तर कोरियाशी लढाई थांबून तेव्हा ७२ वर्षं झाली होती, तरी या देशात साधारण साडेअठ्ठावीस हजार अमेरिकी सैनिक आहेत. ज्यांच्या दारात ही फौज आहे, त्यांना तिच्याबद्दल काय वाटतं? आठ दिवसांत जे दिसलं ते सांगतो, म्हणजे पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

सुरुवात शनिवारी करा. दुपारी मेट्रोच्या पाच नंबरच्या लाइनने ग्वांगह्वामुनला उतरा. राजा सेजोंगच्या पुतळ्याच्या आसपास साठी-सत्तरीच्या माणसांची गर्दी असते. एका हातात कोरियाचा झेंडा, दुसऱ्या हातात अमेरिकेचा. पहिल्यांदा बघताना मी गोंधळलो. आपल्याकडे मोर्चात परक्या देशाचा झेंडा कुणी मिरवला तर काय होईल, हे सांगायला नको. पण यातल्या अनेकांची घरं १९५० साली उत्तरेतून पळून आलेली आहेत. युद्ध सुरू झाल्यावर तीन दिवसांत सोल पडलं आणि ऑगस्टपर्यंत बुसानभोवतीचा एक कोपरा तेवढा हातात उरला. त्या घरांत अमेरिकेचा झेंडा म्हणजे जीव वाचल्याची खूण. २०२४च्या ३ डिसेंबरला लष्करी कायदा पुकारणारे आणि पुढे पदावरून गेलेले अध्यक्ष यून यांच्या समर्थनाच्या मोर्चांतही हाच झेंडा होता.

अमेरिकेचा दूतावास याच चौकाला लागून आहे, म्हणून विरोधकही इथेच येतात. जून २००२मध्ये यांगजूजवळ अमेरिकी चिलखती गाडीखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. नोव्हेंबरात अमेरिकी लष्करी न्यायालयाने दोन्ही सैनिकांना निर्दोष सोडलं आणि हा परिसर मेणबत्त्यांनी भरून गेला. त्या संतापाच्या दिवसांत रोह मू-ह्यून अध्यक्ष म्हणून निवडून आले. पण इराकमध्ये कोरियन सैनिक त्यांनीच पाठवले आणि अमेरिकेशी व्यापार करारही त्यांच्याच काळात झाला. ‘अमेरिकाविरोधी’ आणि ‘अमेरिकावादी’ अशी खाती पाडून हा देश कळत नाही, हे मला तिथे उभं राहून पटलं.

एक महत्त्वाची सूचना: बघा, ऐका, पण घोषणा देऊ नका आणि हातात फलक घेऊ नका. परदेशी माणसाने राजकीय हालचालीत भाग घेतला तर तिथल्या कायद्यानुसार देशाबाहेर काढता येतं. कुणाचा जवळून फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

दुसऱ्या दिवशी इंचॉन. एक नंबरच्या लाइनने शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं, चिनी वस्तीतून चढण चढली की जायू पार्क लागतं. तिथे अमेरिकी जनरल मॅकआर्थरचा पुतळा आहे. १५ सप्टेंबर १९५० रोजी त्याने इंचॉनला फौज उतरवली आणि युद्धाचं पारडं फिरलं. २००५ मध्ये हा पुतळा पाडायला एक जमाव आला आणि त्याला राखायला दुसरा. पहिल्यांच्या मते देशाची फाळणी पक्की करणारा हाच माणूस, दुसऱ्यांच्या मते देश वाचवणारा. आम्ही गेलो तेव्हा पायथ्याशी ताजी फुलं होती आणि बाकावर म्हातारी माणसं ऊन खात बसली होती.

सीमेची सहल सोमवारी नसते. पासपोर्ट विसरलात तर बस तुम्हाला न घेता जाते. उत्तर कोरियाने सीमेखालून खणलेला तिसरा बोगदा १९७८ मध्ये सापडला, जमिनीखाली ७३ मीटर. परतीचा चढ दमवतो, गुडघे दुखत असतील तर वरच थांबा. आत फोटो काढता येत नाहीत. पण मी जास्त रमलो ते इम्जिंगाकला, कारण तिथून जवळच मुनसान आहे. २३ मार्च १९५१ रोजी अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर तिथे आपल्या ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्सचे डॉक्टरही उतरले होते, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. १९५३च्या शस्त्रसंधीनंतर, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २२ हजार युद्धकैद्यांची राखण भारतीय फौजेकडे आली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. मग त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं गेलं. तिथल्या छावणीचं नाव होतं हिंद नगर.

या री यांची गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यातून उलगडतं. अमेरिकेला युद्ध संपवायचं होतं, यांना उत्तर जिंकायची होती. जून १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले आणि वाटाघाटी जवळजवळ उधळल्या. शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियाची सही नाहीच. त्यांना गप्प बसवण्याची किंमत म्हणून अमेरिकेने ऑक्टोबर १९५३ मध्ये संरक्षण करार केला. म्हणजे ही दोस्ती मुळात हट्टाने पदरात पाडून घेतलेली आहे. मात्र युद्ध पेटलं तर संयुक्त फौजेची सूत्रं आजही अमेरिकी जनरलकडे जातात. शांतताकाळातला ताबा १९९४ मध्ये परत मिळाला, युद्धकाळातला नाही. तरुणांना ही गोष्ट लागते.

प्योंगथेकला अर्धा दिवस पुरे. देशाबाहेरचा अमेरिकेचा सर्वांत मोठा तळ इथे आहे, २०१८ मध्ये मुख्यालय सोलमधून इकडे आलं. आत जाता येत नाही, फाटकाबाहेरची वस्ती तेवढी बघायची. तळाच्या वाढीचा बहुतांश खर्च कोरियाने उचलला, हे लक्षात ठेवून फिरा.

सोसोंग-री मात्र चुकवू नका. देगूहून बसने सोंगजू गाठायचं, पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी जातानाच ठरवा, तिथे सहज मिळत नाही. हा पिवळ्या खरबुजांचा प्रदेश, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची हरितगृहं. २०१७ मध्ये इथल्या टेकडीवरच्या गोल्फ मैदानावर अमेरिकेची थाड क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आली. गावातल्या म्हाताऱ्या बायका रस्त्यावर बसल्या, जवळच्या पवित्र स्थानामुळे वॉन बौद्ध पंथाचे लोकही आले. रडारच्या लहरींची भीती होतीच. सरकारी तपासणीने धोका नगण्य ठरवला, पण भीतीचं मूळ दुसरीकडेही होतं: युद्ध झालं तर पहिला बाण आपल्या गावावर. शिवाय सोल या यंत्रणेच्या पल्ल्याबाहेर आहे. मग हे कुणासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. चीनने चिडून कोरियन मालावर आणि पर्यटनावर राग काढला, तोही कोरियालाच सोसावा लागला. मला त्या बायकांची बाजू पटली, आणि देशाला ढाल हवी हेही पटलं. दोन्ही घेऊनच मी टेकडी उतरलो.

काही व्यवहाराच्या गोष्टी: भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. चालण्यासाठी गुगल मॅप्स भरवशाचा नाही, नेव्हर मॅप (Naver) हे कोरियन अॅप घ्या. मेट्रोच्या टी-मनी कार्डात भरायला रोख जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर ‘बुदे-जिगे’पासून दूर राहा. ती अमेरिकी तळांवरच्या डबाबंद मांसातून जन्मलेली रश्शाची भाजी आहे, नावाचा अर्थच पलटणीचा रस्सा. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस वगळून मागता येतो.

सोलमध्ये आमची घरमालकीण साठीची होती, वडील उत्तरेतले. संध्याकाळी पापागो या भाषांतराच्या अॅपवर तासभर गप्पा व्हायच्या. सप्टेंबरात अमेरिकेतल्या जॉर्जियात कोरियन कारखान्यावर धाड पडून तीनशेहून जास्त कोरियन कामगारांना साखळ्या घालून नेलं होतं. ते आठवून तिचा आवाज चढला. “आम्ही पैसे घेऊन गेलो होतो, चोरी करायला नाही.” मग ही फौज परत गेलेली चालेल का, असं मी विचारलं. ती लगेच म्हणाली, “नाही, नाही.” स्वतःची अण्वस्त्रं असावीत असं तिथल्या चाचण्यांत साधारण ७० टक्के लोक म्हणतात. तिचंही तेच मत होतं, कारण सोलसाठी अमेरिका स्वतःचं शहर पणाला लावेल यावर तिचा विश्वास नव्हता.

निघायच्या आदल्या रात्री तिने विचारलं, “तुमच्या सीमेवर कुणाची फौज असते?”

“आमचीच.”

“पण तुमच्या शेजाऱ्याकडे अणुबाँब आहे ना?”

“आहे. आमच्याकडेही आहे.”

तिने फोनवर ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाली, “आमच्याकडे नाही.”