वॉटरटाउन ते ग्युमरी: देवाणही हवी, घेवाणही

अमेरिकेतील आणि आर्मेनियातील शाळकरी मुलांचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे आणि सुरुवातीला तो पूर्णपणे एकतर्फी होता. ऑटोमन साम्राज्यात १९१५ मध्ये झालेल्या आर्मेनियन लोकांच्या वंशसंहारानंतर अनाथ झालेल्या मुलांसाठी ‘निअर ईस्ट रिलीफ’ या अमेरिकी संस्थेने अलेक्झांड्रोपोल शहरातील, म्हणजे आजच्या ग्युमरीतील, झारच्या काळातल्या लष्करी बराकींमध्ये अनाथाश्रम चालवले. तेथे एका वेळी वीस हजारांहून अधिक मुले राहत असत. अमेरिकेत शाळाशाळांतून त्यांच्यासाठी वर्गणी गोळा होई आणि पानात टाकणाऱ्या मुलांना उपाशी आर्मेनियन मुलांची आठवण करून दिली जाई. या अनाथ मुलांना मैदानात बसवून, त्यांच्या रांगांतून अमेरिकेचे आभार मानणारी इंग्रजी अक्षरे साकारलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मदत खरी होती आणि तिने जीव वाचवले, हे मान्य करूनही ते छायाचित्र पाहताना मला अवघडल्यासारखे होते.

पुढे नाते बदलले. बॉस्टनजवळचे केंब्रिज आणि आर्मेनियाची राजधानी येरेवान १९८७ मध्ये, म्हणजे सोव्हिएत राजवटीतच, भगिनी शहरे झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या पुढाकाराने ‘फ्लेक्स’ ही शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यातून आर्मेनियासह त्या प्रदेशातील निवडक किशोरवयीन विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष अमेरिकी शाळेत शिकतात आणि कसलाही मोबदला न घेणाऱ्या यजमान कुटुंबाच्या घरी राहतात. योजना उत्तम आहे. पण प्रवासाची दिशा एकच, तिकडून इकडे. म्हणूनच दोन्हीकडचे वर्ग एकत्र काम करतात ते छोटे, बिनखर्चाचे प्रकल्प मला अधिक मोलाचे वाटतात. बॉस्टनजवळच्याच वॉटरटाउनमध्ये राहायला आल्यापासून अशाच एका प्रकल्पात मी स्वयंसेवक म्हणून मदत करते. समोरचा वर्ग ग्युमरीचा आहे.

‘आमचा देश’ या विषयावरची सादरीकरणे मला मुळीच आवडत नाहीत. झेंडा, राष्ट्रीय पक्षी आणि चार पदार्थ दाखवून झाले की दोन्ही बाजू टाळ्या वाजवतात आणि कुणालाच काही विचारावेसे वाटत नाही. त्याऐवजी आम्ही मुलांना आपापल्या पणजोबा-पणजींचा प्रवास एका सामायिक नकाशावर आखायला सांगितला आणि मग खरी गंमत सुरू झाली. वॉटरटाउनमधील एका आर्मेनियन मुलाची रेघ मराशहून अलेप्पोला, तेथून बैरूतला आणि लेबनॉनमधील यादवीच्या काळात मॅसॅच्युसेट्सला आली. त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलीची रेघ ब्राझीलहून निघाली होती, तर माझ्या मुलीची साताऱ्याहून. ग्युमरीतील एका मुलीची रेघ मात्र बोटाच्या पेराएवढी होती: आज तुर्कस्तानात असलेले कार्स ते ग्युमरी, शंभर किलोमीटरसुद्धा नाही. “मग तुम्ही शनिवारी-रविवारी तिकडे जात असाल ना?” असे इकडच्या मुलाने सहज विचारले. तुर्कस्तानने १९९३ मध्ये सीमा बंद केल्याचे तिने सांगितले, तेव्हा वर्गाला पुढचे प्रश्न सुचवावे लागले नाहीत.

बुद्धिबळाच्या तासाला तर पारडेच फिरले. आर्मेनियात २०११ पासून प्राथमिक शाळेच्या दुसरी ते चौथीच्या वर्गांत बुद्धिबळ हा सक्तीचा विषय आहे, त्यामुळे ऑनलाइन डावांत इकडची मुले भराभर हरली. ग्युमरीच्या मुलांनी मग प्रत्येक हरलेला डाव पुन्हा मांडून, घोडा कोठे चुकला आणि किल्लेकोट आधीच का करायला हवा होता, हे बाण काढून दाखवले. त्यासाठी इंग्रजी फारसे लागले नाही. एरवी सगळा संवाद इंग्रजीतून चालत असल्याने निम्मे कष्ट त्यांच्याच वाट्याला येतात, ते त्या दिवशी टळले. आर्मेनियाचा नामवंत ग्रँडमास्टर लेव्हॉन आरोनियन याने २०२१ मध्ये अमेरिकेकडून खेळण्याचा निर्णय जाहीर केला, त्यावरून मात्र जोरदार वाद झाला आणि तो सोडवण्याच्या भानगडीत आम्ही मोठी माणसे पडलो नाही.

वेळेचा भारही त्यांच्यावरच अधिक पडतो. हिवाळ्यात येथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा ग्युमरीत संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. घरी गेलेली मुले गोठवणाऱ्या थंडीत पुन्हा शाळेत येतात. त्यातच अमेरिकेतील घड्याळे मार्चमध्ये तासभर पुढे जातात आणि आर्मेनियाने ती पद्धत २०१२ मध्येच सोडली आहे, त्यामुळे वेळापत्रक नव्याने जुळवावे लागते. यंदा मी सुचवले आहे की, आळीपाळीने एक बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवावी, जरी त्यासाठी येथील मुलांना पहाटे घरूनच हजर राहावे लागले तरी. काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या आहेत. मुलांची मात्र तयारी आहे, कारण त्यांना बुद्धिबळाची परतफेड करायची आहे.