शांतियात्रा धुऱ्यापर्यंत नेताना

वर्धा जिल्ह्यात गावांतले तंटे मिटवायला शांतिपदयात्रा काढायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, घोषणा कोणती आणि बॅनर केवढा. आम्ही हे दोन्ही आधी बाद करतो. बॅनर दिसला की गाव दुरूनच ठरवतं, ही कोणाची तरी प्रचारफेरी आहे. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला चालत निघाले तेव्हा भूदान त्यांच्या डोक्यातही नव्हतं. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी जमीन मागितली, विनोबांनी ती मागणी गावासमोर ठेवली आणि गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी १०० एकर द्यायला उभे राहिले. विचारायचं, आणि उत्तर येईस्तोवर थांबायचं, एवढंच आम्ही त्या यात्रेतून उचललं आहे.

माणसं १२ ते १५ पुरेत. विसाच्या वर गेली की जेवणाचा भार गावावर पडतो आणि दिसायला मोर्चा होतो. त्यांत निदान चार बाया हव्यातच, नाहीतर गावातल्या बाया तोंड उघडत नाहीत. रोजची चाल १० ते १२ किलोमीटर. पहाटे पाचला निघून साडेआठ-नऊला पुढच्या गावात पोचायचं. नवे बूट घालून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी फोडांनी बसतो. वापरातली चप्पल, सुती मोज्यांचे दोन जोड, सुई, कापूस आणि ओआरएस सोबत असलं की निभतं.

काळ निवडताना पंचांग नको, पिकं पाहा. नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, बाया दिवस मावळल्यावर घरी येतात आणि त्यानंतर सभेत बसायचं त्राण उरत नाही. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य बरा. त्यातही ओलिताच्या लाईनची, म्हणजे शेतपंपाच्या विजेची, पाळी विचारून घ्या. रात्रीची लाईन असेल तर गडी माणसं हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला वावरात असतात आणि सभेला फक्त म्हातारे येतात. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असेल तर ते गाव सोडा. त्या दिवसांत शांतीचा शब्दही एका पॅनलचा होतो.

पंधरा दिवस आधी दोघांनी मोटरसायकलवर सगळी गावं फिरून यायचं. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, बचत गटाच्या बाया आणि गावात दोन गट असतील तर दोन्ही गटांची माणसं, एवढ्यांना भेटायचं. पोलीस ठाण्याला आठ-दहा दिवस आधी पत्र द्यावं: मार्ग, मुक्काम, माणसांची संख्या, सोबतच्या गाडीचा नंबर. लाउडस्पीकर नेऊच नये. त्याची परवानगी वेगळी काढावी लागते, रात्री दहानंतर तो चालत नाही आणि मुख्य म्हणजे भोंग्यासमोर बसलेला माणूस बोलत नाही, नुसता ऐकतो. खंजिरी आणि टाळ पुष्कळ झाले.

यात्रा सर्वांत जास्त वेळा बिघडते ती मुक्कामाच्या जागेवरून. गावातला मोठा माणूस आपला वाडा देतो, गाद्या टाकतो, पुरणपोळी करतो. तिथे उतरलात की दुसरा गट त्या रात्री येत नाही आणि पुढेही येणार नाही. मंदिराच्या सभामंडपात काही वस्त्यांची माणसं संकोचाने येत नाहीत. नुसत्या बुद्धविहारात सभा घेतली तर उलट बाजू घरी बसते. म्हणून मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात आणि बैठका प्रत्येक वस्तीत. पहिली बैठक गावाच्या टोकाच्या वस्तीत घ्या. वेशीपासून सुरुवात केली की तिथवर पोचेस्तोवर अंधार पडतो.

जेवण घरोघरचं. चौदा माणसांना दोन वेळचं मिळून साडेपाच-सहा किलो पीठ आणि दीड किलो डाळ लागते. एकेका घराने चार-चार पोळ्या दिल्या तरी ते सहज होतं. विनोबांच्या सर्वोदय पात्राची कल्पना हीच होती: घरातल्या मुलाने रोज मूठभर धान्य भांड्यात टाकायचं आणि त्यावर शांतिसेना, म्हणजे गावात शांतता राखणाऱ्या स्वयंसेवकांची फळी, चालायची. दर ५,००० वस्तीमागे एक शांतिसैनिक असा त्यांचा हिशेब होता. पैशाची देणगी घेऊच नका, पावतीपुस्तक दिसलं की कुजबुज सुरू होते.

संध्याकाळची प्रार्थना वीस मिनिटांच्या वर नको. दोन मिनिटं मौन, मग सर्वधर्म प्रार्थना, एखादा अभंग, तुकडोजी महाराजांचं एखादं भजन. या भागात त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं गावोगाव आहेत, खंजिरी त्यांच्याच हाती द्यावी. मुसलमान किंवा ख्रिस्ती घरातल्या माणसाला आग्रहाने पुढे बसवून काही म्हणायला लावू नये. त्याने होऊन म्हटलं तर उत्तम.

खरं काम प्रार्थनेनंतर आठ-दहा जणांच्या गोलात होतं, बायांचा गोल वेगळा. 'गावात तंटा काय आहे?' असं विचारलं की 'आमच्या गावात काही नाही' हेच उत्तर मिळतं. 'तुमच्या वावरात जायला वाट कोणती?' असं विचारा. पांदण (शेतात जायची गाडीवाट) कोणी नांगरली, धुरा (दोन वावरांमधला बांध) कोणी सरकवला, पाईप कोणी कापला, सगळं त्या वाटेने बाहेर येतं. वहीत एका गोष्टीला एक पान, आणि नावं चारचौघांत वाचायची नाहीत.

धुऱ्याच्या भांडणात दोन्ही बाजूंना एकाच दिवशी, पण वेगवेगळं भेटा. दुसऱ्या दिवशी उजाडताच सातबारा, गावनकाशा आणि टेप घेऊन वावरात जा. घरी बसून धुरा मिटत नाही. हद्दीचाच वाद असेल तर आपण टेपने निवाडा करू नये, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला लावावा. वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत दोघांना सांगा. गोडीगुलाबीत सहा महिने उलटले तर ज्याची वाट गेली त्याच्यावर आपणच अन्याय केलेला असतो. मुळात वाटच नसेल तर महसूल संहितेचं कलम १४३ धुऱ्यावरून वाट मागायला आहे.

समझोता लिहिताना 'बैलगाडी जाईल एवढी वाट' असं लिहू नका. पुढच्या हंगामात ट्रॅक्टर येतो आणि भांडण पुन्हा उभं राहतं. ट्रॉलीला आठ फूट तरी लागतात. फूट लिहा, गट नंबर लिहा, कोणतं झाड राहणार आणि कोणतं तोडणार तेही लिहा. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बहिणींच्या सह्या राहिल्या तर कागद टिकत नाही, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. मोठ्याने वाचून दाखवा, दोन्हीकडचे दोन-दोन साक्षीदार घ्या. नुसत्या हृदयपरिवर्तनावर भरवसा ठेवू नये. भूदानात मिळालेली कितीतरी जमीन वाटपाविना पडून राहिली, हे सर्वोदयवाल्यांनी तरी विसरू नये.

काही गोष्टींत हात घालायचाच नाही. जातीवरून मारहाण किंवा अपमान, मुलांवरचे लैंगिक अत्याचार, बायकोला मारझोड, यांत गावकीची तडजोड म्हणजे दुबळ्याचं तोंड बंद करणं. बाकी तंट्यांसाठी २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समितीशी जोडून घ्यावं, समझोत्याचा कागद तिच्या नोंदीत यावा. पण तंट्यांचा आकडा कमी दाखवण्यासाठी मारहाण-अत्याचाराची प्रकरणं मिटवायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणावं. पीडित माणसासोबत पोलीस ठाण्यात जाऊन बसणं हेही शांतिसैनिकाचंच काम आहे.

निघताना प्रत्येक वस्तीतल्या एकेकाचा, असे चार-पाच फोन नंबर एकमेकांना द्या. मिरवणुकीच्या दिवशी मोबाईलवर काही फिरू लागलं तर पुढे पाठवण्याआधी हे चार-पाच जण एकमेकांना फोन करतील, एवढीच अट.

परतीची फेरी पंधरा दिवसांनी, तेव्हा तिघे गेले तरी चालतं. दुसरी फेरी मेअखेर, मृगाच्या आधी. पेरणीला ट्रॅक्टर धुऱ्याला लागतो तेव्हाच कळतं, आठ फूट कागदावर आहेत की वावरात. टेप विसरू नका.